इलेक्ट्रिक गाडीची रेंज अचानक घटली तर: आधी टाकी मोजा, मग तहान

गेल्या महिन्यात पूर्ण चार्जवर पडद्यावर ३२० किमी दिसत होते, आज २७० दिसतात. गाडी तीच, रस्ता तोच. नव्या मालकाच्या मनात पहिली शंका येते ती बॅटरीची, आणि दहापैकी बहुतेक वेळा ती चुकीची असते. रेंज ही मोजलेली गोष्ट नाही, ती भागाकारातून निघते. वर असते बॅटरीत मावणारी वीज, ही गाडीची टाकी; खाली असते दर किलोमीटरला लागणारी वीज, ही तिची तहान. उत्तर घटलं म्हणजे वरचा आकडा लहान झाला किंवा खालचा मोठा झाला, किंवा पडद्यानं हिशेबच चुकवला. यातलं काय झालं हे आधी ठरवायचं. त्याशिवाय सर्व्हिस सेंटर गाठलं तर ‘गाडी ठीक आहे’ एवढं ऐकून परत यावं लागतं.

पुढे सोयीसाठी एकच नमुना गाडी धरली आहे: कॉम्पॅक्ट एसयूव्ही, माणसांसकट वजन सुमारे १,६०० किलो, वापरता येणारी बॅटरी ३९ युनिट. युनिट म्हणजे वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॅट-तास. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे निघतील, पण प्रमाण तेच राहील.

जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवा

भारतात जाहीर होणारी रेंज एमआयडीसी चाचणीवरची असते. नाव ऐकून औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर येते, पण ही मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. पुण्यात ज्यांच्या नावानं वेताळ टेकडीचा एक भाग ओळखला जातो त्या एआरएआयसारख्या संस्था ती घेतात. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगांनी चालवतात. एक फेरी ११८० सेकंदांची, साधारण १०.६५ किमीची, म्हणजे सरासरी वेग ताशी ३२-३३ किमी. शहरी भागात वेग ५० च्या वर जात नाही आणि दुसऱ्या भागात जास्तीत जास्त ९० ला पोहोचतो, तोही काही सेकंदांपुरता. एसी बंद, वारा नाही, चढ नाही.

टाटा कर्व्हच्या ५५ युनिटच्या आवृत्तीचंच बघा. सुरुवातीला तिची एमआयडीसी रेंज ५८५ किमी जाहीर झाली आणि त्याच वेळी कंपनीनंच प्रत्यक्षात ४०० ते ४२५ किमीची अपेक्षा ठेवा असंही सांगितलं. म्हणजे छापील आकड्याच्या सुमारे ७० टक्के. हे प्रमाण जवळपास सगळ्याच गाड्यांना लागू पडतं, आणि महामार्गावर १०० च्या वर चालवलं तर त्याहूनही खाली जातं. पहिल्याच दिवसापासून रेंज छापील आकड्याच्या ६५-७० टक्के मिळत असेल, तर काहीही घटलेलं नाही.

पडद्यावरचे किलोमीटर हा अंदाज आहे

उरलेल्या चार्जशेजारी दिसणारा किलोमीटरचा आकडा गाडी तुमच्या मागच्या काही प्रवासावरून काढते. काल घाट चढून आलात तर आज सकाळी तो कमी दिसणार. आठवडाभर शहरात ३० च्या वेगानं फिरलात तर शनिवारी तो फुगलेला असणार, आणि त्याच्या भरवशावर नगरला निघालात तर पहिल्या ४० किमीत ७० किमी ‘गायब’ होणार. रेंज ‘अचानक’ घटल्याच्या तक्रारींत अशा तक्रारी सर्वांत जास्त असतात.

म्हणून दोनच आकडे बघायची सवय लावा: बॅटरीचे टक्के, आणि सरासरी वापर. वापर काही गाड्या वॉट-तास प्रति किमी असा दाखवतात, काही युनिट प्रति १०० किमी, तर काही युनिटला किती किमी असा. १५० वॉट-तास प्रति किमी, १५ युनिट प्रति १०० किमी आणि युनिटला ६.७ किमी हे तिन्ही एकच. पेट्रोलच्या गाडीत ‘ॲव्हरेज’ विचारतो ना, तेच हे.

टाकी मोजायची कृती

यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. एक ट्रिप मीटर आणि फोनचा कॅमेरा पुरे.

१. गाडी ८५-९० टक्क्यांवर असताना ट्रिप मीटर शून्य करा. टक्के आणि ट्रिप दिसतील असा फोटो काढा.

२. किमान ५० टक्के बॅटरी संपेपर्यंत गाडी चालवा. मध्ये चार्जिंग नको. एका बैठकीत होत असेल तर उत्तम, फार तर दोन दिवसांत. गाडी उभी करून एसी लावून बसू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तो वापर ट्रिपच्या सरासरीत धरला जात नाही. घाट आला तरी चालेल, चढाला लागलेली वीज सरासरीत येतेच.

३. शेवटचा फोटो. टक्के, किलोमीटर, सरासरी वापर.

४. किलोमीटर गुणिले वापर (वॉट-तास प्रति किमीमध्ये), भागिले १०००, म्हणजे वापरलेले युनिट. त्याला वापरलेल्या टक्क्यांनी भागून १०० नं गुणा. ही तुमची टाकी.

समजा ८८ टक्क्यांवर निघून ३८ वर थांबलात, ११८ किमी झाले, वापर १६५ दिसला. ११८ × १६५ = १९,४७०, म्हणजे १९.५ युनिट. ते ५० टक्क्यांत गेले, तर टाकी ३९ युनिट. गाडी निरोगी आहे. याच चाचणीत ३३ निघाले तर प्रकरण वेगळं.

एका मापावर निकाल देऊ नका. टक्के पूर्णांकात दिसतात, त्यामुळे एक-दोन टक्क्यांची चूक होतेच, आणि बॅटरीच्या टक्क्यांचा हिशेबही कधी कधी वाहवतो (त्यावर पुढे). वेगवेगळ्या दिवशी तीन मापं घ्या. ती एकमेकांच्या तीन-चार टक्क्यांच्या आत आली तर विश्वास ठेवा.

पडताळणी चार्जिंगवरूनही होते. सार्वजनिक डीसी (जलद) चार्जरवर २० ते ८० टक्के भरायला २५ युनिटचं बिल आलं, तर त्यातले ५-७ टक्के उष्णतेत आणि बॅटरी थंड ठेवण्यात गेले असं धरा. उरले साडेतेवीस. भागिले ०.६, म्हणजे ३९ च्या आसपास. घरी भिंतीवरच्या ७.२ किलोवॅट चार्जरनं मोजत असाल तर १०-१२ टक्के वजा करा. १५ अँपियरच्या सॉकेटवर नुकसान त्याहून जास्त, कारण चार्जिंग तासन्‌तास चालतं आणि तेवढा वेळ गाडीचे पंप आणि कंट्रोलर जागे असतात. महावितरणचं मीटर दर किलोमीटरला पडद्यापेक्षा जास्त वापर दाखवतं, ते याच कारणानं. त्यात बॅटरीचा दोष नाही.

आता टाकी ठीक निघाली तर तहान शोधायची. टाकीच लहान निघाली तर सरळ बॅटरीच्या भागाकडे जा.

तहान वाढली: सर्वांत आधी वेग

नमुना गाडी सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एसी चालू ठेवून दर किलोमीटरला किती पिते ते बघा. ६० च्या वेगाला सुमारे ११० वॉट-तास. ८० ला १३५. १०० ला १७०. १२० ला २१५. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वीस-वीसची प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा महाग पडते. १०० टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३३ युनिटमध्ये, ८० च्या वेगानं २४० किमी होतात, १०० नं १९०, आणि १२० नं जेमतेम १५०.

पेट्रोलच्या गाडीत हे इतकं टोचत नाही, कारण इंजिन बरीचशी ऊर्जा तशीही उष्णतेत घालवतं. इलेक्ट्रिक मोटर ती वाया घालवत नाही, म्हणून वाऱ्याचा हिस्सा उघडा पडतो. शहरात रेंज जास्त आणि महामार्गावर कमी हे नव्या मालकाला उलटं वाटतं ते याच कारणानं.

समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, तेव्हा मोह होतोच. तिथे ३५० किमीचा टप्पा धरून हिशेब करू. १२० नं चालवलं तर ७५ युनिट लागतात. निघतानाचे ३३ सोडून ४२ वाटेत भरायचे, ते ३९ च्या बॅटरीत एका थांब्यात मावत नाहीत, म्हणजे दोन थांबे. १०० नं चालवलं तर ६० युनिट, वाटेत २७, एकच थांबा. चार्जर सरासरी ४० किलोवॅट देत असेल, आणि प्रत्येक थांब्याला वळणं, ॲप उघडणं, केबल लावणं यात दहा मिनिटं जात असतील, तर दोन्ही प्रकारे एकूण वेळ जवळपास सारखाच लागतो, चार तास वीस मिनिटांच्या आसपास. चार्जरवर रांग असेल किंवा एखादी गन बंद असेल तर १०० वाला आधी पोहोचतो. छोट्या बॅटरीच्या गाडीला समृद्धीवर ९५ ते १०० हा शहाणा वेग. ७९ युनिटची बॅटरी असेल तर खुशाल वर जा.

वारा हा वेगाचाच भाऊ. समोरून ताशी २० किमीचा वारा असताना १०० नं जाणं वापराच्या दृष्टीनं १२० नं जाण्याइतकंच आहे. जून-जुलैत साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पवनचक्क्या गरगरत असतात, त्या दिवसांत पुणे-कोल्हापूर रस्त्यावर १०-१५ टक्के जादा वापर दिसला तर नवल नाही. पाऊस असेल तर त्यात ओल्या रस्त्याचं पाणी टायरनं बाजूला सारण्याची मेहनत जोडा. छतावरचा कॅरिअर आणि त्यावरच्या बॅगाही याच खात्यात. गणपतीला कोकणात जाताना लावलेला कॅरिअर दिवाळीपर्यंत तसाच राहतो, आणि मग रेंज का कमी म्हणून शोध सुरू होतो.

घाट: जाताना आणि येताना वेगळे आकडे

१,६०० किलोची गाडी १०० मीटर उंच चढवायला नुकसानासकट अर्धा युनिट लागतो. उतरताना रिजनमधून, म्हणजे मोटरच गाडीचा वेग रोखत वीज बनवून बॅटरीत टाकते त्यातून, पाव ते ०.३ युनिट परत येतो. हे दोन आकडे पाठ केले की घाटाचं गूढ उरत नाही.

मुंबई समुद्रसपाटीला, पुणे सुमारे ५६० मीटरवर. मुंबईहून पुण्याला येताना निव्वळ चढाचे २.८ युनिट, म्हणजे ७ टक्के जादा. पुण्याहून मुंबईला जाताना साधारण ४ टक्के कमी. दोन्हींत १०-११ टक्क्यांचा फरक पडतो, आणि तो बॅटरीचा आजार नाही.

पुणे ते महाबळेश्वर घ्या. १२० किमी, आणि चढ जवळपास ८०० मीटर. सपाटीचा वापर १५० धरून १८ युनिट, चढाचे ४, एकूण २२. म्हणजे ५६ टक्के. वाईपर्यंत सगळं आलबेल वाटतं आणि पसरणीच्या घाटात टक्के भराभर उतरतात. परतीला तोच रस्ता ४० टक्क्यांत होतो. वाईला पडदा ‘९० किमी बाकी’ दाखवत असेल तर तो सपाटीच्या सवयीचा आकडा आहे. वरच्या नियमानं उंची मोजून त्यातून वजा करा.

महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्री चार्जर मिळाला म्हणून १०० टक्के भरू नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीत रिजनची वीज घ्यायला जागाच नसते, त्यामुळे गाडी रिजन कमी करते किंवा बंद करते. उतारावर पाय ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि फुकट मिळणारे दोन युनिट हवेत जातात. ९० वर थांबा.

एसी, आणि त्याहून ट्रॅफिक

महामार्गावर एसी बंद करून घाम गाळणारे लोक चुकीच्या ठिकाणी काटकसर करतात. एसी स्थिरावला की साधारण १ ते १.२ किलोवॅट खातो, पंखे, दिवे आणि बाकीची इलेक्ट्रॉनिक्स धरून दीड. ९० च्या वेगाला हे किलोमीटरमागे १७ वॉट-तास. पण संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडताना सरासरी वेग १२ वर आला की तोच दीड किलोवॅट किलोमीटरमागे १२५ वॉट-तास होतो. गाडी हलवायला लागणाऱ्या विजेपेक्षाही जास्त. एप्रिल-मे महिन्यांत शहरातली रेंज १५-२० टक्के घटते ती मुख्यतः इथे.

उपाय साधे आहेत. गाडी चार्जरला लावलेली असतानाच ॲपवरून दहा मिनिटं आधी थंड करा, म्हणजे सुरुवातीच्या जोराची वीज घरच्या मीटरवर पडेल. उन्हात तापलेल्या गाडीत पहिली पंधरा मिनिटं एसी ३ किलोवॅटपर्यंत जाऊ शकतो. ऑफिस सहा किलोमीटरवर असेल तर तुमचा अख्खा प्रवास त्या पंधरा मिनिटांत संपतो. अशा छोट्या फेऱ्यांत २२०-२५० चा वापर दिसणं स्वाभाविक आहे.

थंडीचा मुद्दा महाराष्ट्रात छोटा. निफाडला जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा पहिले काही किलोमीटर रिजन कमी मिळतो आणि ५-१० टक्के फटका बसतो, एवढंच. शिकागो किंवा टोरंटोच्या मराठी घरांत मात्र हा मुख्य मुद्दा. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेच्या २०१९ च्या चाचणीत उणे ६.७ अंशांना हीटर चालू ठेवून रेंज सरासरी ४१ टक्के घटली होती. तिथे गाडी प्लगवर असतानाच गरम करा, आणि केबिनच्या हीटरपेक्षा सीट-हीटर वापरा. सीट-हीटरला शंभरेक वॉटसुद्धा लागत नाहीत, केबिनच्या हीटरला ३ ते ५ किलोवॅट लागतात. गाडी घेताना हीट पंप (कमी विजेत केबिन गरम करणारी यंत्रणा) आहे का हे विचारून घ्या.

टायर आणि ब्रेक: खरा ‘अचानक’ इथे असतो

वेग, हवामान आणि रस्ता तोच, तरी वापर १०-१२ टक्क्यांनी वाढला, तर गाडीखाली वाका.

हवा आधी. चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा. पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम होतात आणि दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतात, म्हणून गरम टायरमध्ये ‘बरोबर ३३’ भरून घेतले तर सकाळी ते ३० असतात. घरी मोजायला डिजिटल गेज ठेवा. ३३ च्या जागी २६ असेल तर रेंजमध्ये साधारण २ ते ४ टक्के जातात, आणि टायरच्या कडा झिजतात ते वेगळंच.

नवे टायर हे त्याहून मोठं कारण, आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारं. कारखान्यातून येणारे टायर कमी घर्षणाचे निवडलेले असतात. ३५-४० हजार किमीनंतर दुकानात ‘याच साइजचा, दणकट’ म्हणून जो मिळतो तो ५ ते १० टक्के रेंज खाऊ शकतो. रुंद टायर आणि मोठी अलॉय घातली तर आणखी. रेंज टायर बदलल्याच्या आठवड्यापासून घटली का, हे तारखा जुळवून पाहा. बदलताना गाडीबरोबर आलेलंच मॉडेल मागा, किंवा ईव्हीसाठी बनवलेला टायर घ्या. नवा कुठलाही टायर पहिले काही शे किलोमीटर जास्त ओढतो, तेवढं सोडून द्या.

एखाद्या खड्ड्यात चाक आपटल्यानंतर घट सुरू झाली असेल तर अलाइनमेंट करून घ्या. चाकं आत किंवा बाहेर तोंड करून घासत चालली की टायर आणि वीज दोन्ही जातात. स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला जात असेल तर ही शंका पक्की.

उरला ब्रेक. इलेक्ट्रिक गाडीत बराचसा वेग रिजनच उतरवतो, त्यामुळे ब्रेक फार कमी वापरले जातात. पावसाळ्यात कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात, पॅड डिस्कला चिकटून राहतो. तपासणी अशी: १५-२० किमी शक्यतो ब्रेक न लावता चालवा, हळूहळू थांबा, आणि चारही चाकांच्या मध्याशी हात न लावता फक्त जवळ न्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तोच वापरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा २५-३० अंशांनी गरम असेल तर ते घासतंय. मागची दोन्ही गरम असतील तर हँडब्रेक पूर्ण सुटत नसेल. पिना साफ करून ग्रीस लावण्याचं काम तासाभराचं. पावसाळ्यानंतर ते करून घ्यावंच, कारण हा दोष रेंजपेक्षा सुरक्षिततेचा जास्त आहे.

टाकी लहान दिसतेय: आधी हिशेब सुधारा

आता बॅटरी. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी असते. टाटाची नेक्सॉन, एमजीची विंडसर आणि महिंद्राची बीई ६ ही यांतली उदाहरणं. टिकाऊ रसायन, पण एक खोड आहे. साधारण २० ते ९० टक्क्यांच्या मध्ये तिच्या सेलचा व्होल्टेज ३.२ ते ३.३ च्या आसपासच राहतो. व्होल्टेज बघून किती भरलंय हे कळत नाही, जशी अपारदर्शक सिलिंडरमधली गॅसची पातळी कळत नाही. म्हणून बॅटरीची नियंत्रण यंत्रणा आत-बाहेर जाणारा करंट मोजत बेरीज-वजाबाकी करत राहते. प्रत्येक मापात कणभर चूक असते, आणि आठवडेन्‌आठवडे गाडी ३० ते ७० टक्क्यांतच खेळवली तर ती साचत जाते.

मग एके दिवशी २२ टक्क्यांवरून थेट ११ दिसतात. किंवा टाकीची तीन मापं ३४, ३९, ३६ अशी विखुरलेली येतात. वीज गेलेली नसते, यंत्रणेनं मध्येच आपली चूक दुरुस्त केलेली असते.

दुरुस्ती घरच्या घरी होते. नेहमीच्या वापरात गाडी १०-१५ टक्क्यांपर्यंत उतरू द्या, शून्यापर्यंत नाही. मग घरच्या संथ (एसी करंटच्या) चार्जरवर, जलद डीसीवर नव्हे, १०० टक्के भरा. १०० दिसल्यावर प्लग काढू नका. चार्जर स्वतःहून बंद होईपर्यंत थांबा, कधी अर्धा तास लागतो तर कधी दोन-तीन तास. या वेळात यंत्रणा सेलमधली विषमता सारखी करते आणि १०० ची खूण पुन्हा ठोकते. हे दोनदा करा आणि टाकी पुन्हा मोजा. पुढे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा पूर्ण भरत राहा. नेमका काळ तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो.

क्रेटा इलेक्ट्रिकसारख्या निकेलवाल्या, म्हणजे एनएमसी बॅटरीला हा सल्ला जसाच्या तसा लावू नका. तिचा व्होल्टेज टक्क्यांबरोबर बदलतो, त्यामुळे हिशेब सहसा चुकत नाही, आणि रोज १०० वर ठेवलं तर ती लवकर म्हातारी होते. तिला रोज ८०, आणि लांब जायच्या आदल्या रात्री १००.

सॉफ्टवेअर अपडेटनंतर घट दिसली असेल तर तारीख लिहून ठेवा. अपडेटमध्ये कंपनी कधी तळाचा राखीव साठा बदलते, कधी रेंज काढायची पद्धत. टाकीचं माप अपडेटआधी आणि नंतर सारखं असेल तर फक्त आकडा दाखवण्याची रीत बदलली आहे.

तरीही लहानच: सर्व्हिस सेंटरला काय घेऊन जायचं

बॅटरी वर्षाला दोनेक टक्के झिजते, पहिल्या वर्षी थोडी जास्त. तीन वर्षांच्या गाडीत ३९ चे ३६ होणं नियमातलं आहे. वर्षभरात ३३ होणं नाही. अशा वेळी बहुधा एखादी सेल किंवा एक मॉड्यूल, म्हणजे सेलचा एक गट, कमकुवत असतं. सेल एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे जी आधी रिकामी होते ती अख्ख्या बॅटरीला थांबवते, बाकीच्यांत वीज शिल्लक असली तरी.

जाताना ‘रेंज मिळत नाही’ असं सांगू नका. तीन मापांचे सहा फोटो, तारखा आणि हिशेब कागदावर द्या. त्यांच्याकडून लेखी दोन गोष्टी मागा: बॅटरीची आरोग्य टक्केवारी, म्हणजे एसओएच, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक. हा फरक गाडी तासभर उभी असताना, एकदा ५० टक्क्यांच्या आसपास आणि एकदा २० च्या खाली मोजायला सांगा. कमकुवत सेल मधल्या पट्ट्यात लपते आणि तळाशी उघडी पडते. भरलेल्या गाडीवर चाचणी करून ‘सगळं नॉर्मल’ म्हटलं तर खालच्या टक्क्यांवर पुन्हा करायचा आग्रह धरा. जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली गेली आहे ना ते वाचूनच सही करा. वॉरंटीच्या वादात पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

बॅटरीची वॉरंटी आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी असते. पण ती क्षमतेच्या कोणत्या टक्क्याखाली लागू होते हे पुस्तिकेत बघा. अनेक ठिकाणी तो ७० असतो. म्हणजे ३९ चे ३१ झाले तरी क्षमतेच्या कलमात तुम्ही बसत नाही. सेल बिघडल्याचा पुरावा असेल तर मात्र तो दोष म्हणून मांडता येतो, झीज म्हणून नव्हे.

उभ्या गाडीतून टक्के जात असतील तर बॅटरीवर जाण्याआधी डॅशकॅम बघा. पार्किंग मोडमध्ये तो १२ व्होल्टची बॅटरी रिकामी करतो आणि गाडी ती मोठ्या बॅटरीतून भरत राहते. दिवसातून वीस वेळा ॲप उघडून गाडी ‘बघणं’ही तिला जागी ठेवतं. रात्रभरात एखादा टक्का कमी झाला तर हरकत नाही, रोज तीन-चार जात असतील तर तपासा.

रस्त्यातच टक्के किलोमीटरपेक्षा वेगानं पळू लागले तर

एका टक्क्यात किती किलोमीटर होतात ते काढा. नमुना गाडीत १ टक्का म्हणजे ०.३९ युनिट: ८० च्या वेगाला २.९ किमी, १०० ला २.३, १२० ला १.८. समजा २० टक्के उरलेत आणि चार्जर ३८ किमीवर आहे. १०० नं गेलात तर १७ टक्के लागतील, ८० नं १३, ६० नं ११, आणि ६० ला एसीही बंद केला तर ९. आधी वेग उतरवा, मग एसीचा विचार करा. डाव्या लेनमध्ये या. ट्रकच्या मागे चिकटून वारा चुकवायचा प्रयत्न करू नका.

पुढे चढ असेल तर दर १०० मीटर उंचीला सव्वा टक्का वेगळा काढून ठेवा. एलएफपी गाडीत १५ टक्क्यांखालचा आकडा वर सांगितल्याप्रमाणे अचानक कोसळू शकतो, म्हणून पोहोचताना १५ उरतील असाच बेत आखा, आणि निघण्यापूर्वी ॲपमध्ये ठरलेल्या चार्जरबरोबर त्याच्या अलीकडचा एक पर्यायी चार्जरही हेरून ठेवा. अलीकडचा, पलीकडचा नव्हे.

गाडीनं ताकद कमी केली, कासवाचं चिन्ह दिसलं, तर पुढचा ढाबा किंवा पंप गाठायचा मोह सोडून सुरक्षित जागी शोल्डरवर घ्या आणि इशाऱ्याचे दिवे लावा. रोडसाइड असिस्टन्सला फोन करताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि फ्लॅटबेडच मागा. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून गाडी दोरीनं ओढली तर मोटर फिरत राहते, वीज तयार होते आणि इन्व्हर्टर (मोटरला वीज पुरवणारा भाग) जळू शकतो. जवळच्या ढाब्यावर १५ अँपियरचं, नीट अर्थिंग असलेलं सॉकेट मिळालं आणि पोर्टेबल चार्जर डिकीत असेल, तर तासाला सुमारे तीन युनिट मिळतात, म्हणजे ६०-७० च्या वेगानं पंचवीसेक किलोमीटर. ढाबेवाल्याला युनिटमागे वीस रुपये देऊ केले तर तो सहसा नाही म्हणत नाही.